गोठेवाल्याने ट्रॅक्टर मागून पाहावा

पाडवा जवळ आला की मला हमखास विचारणा होते, ‘गोठा आहे, चाऱ्याचं रान आहे, कोणता ट्रॅक्टर घेऊ?’ विचारणाऱ्याच्या हातात शोरूमची दोन-तीन पत्रकं असतात आणि बोट एचपीच्या आकड्यावर टेकलेलं असतं. मी त्यांना सांगतो, पत्रक बाजूला ठेवा आणि ट्रॅक्टरच्या मागे येऊन उभे राहा. गोठेवाल्याचं बहुतेक काम तिथेच होतं.

हिशेब मांडून बघा. १५ लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला २० ते २५ किलो हिरवा चारा आणि पाच-सहा किलो कोरडी वैरण लागते. अशा १५ गाई दावणीला असतील तर रोज ३०० किलोच्या वर हिरवा चारा लागतो आणि वर्षाकाठी २७ ते ३३ टन वैरण. एवढा चारा कापायचा, बांधायचा, वाहून आणायचा, मुरघासाच्या खड्ड्यात दाबायचा. नांगरट वर्षातून एक-दोनदा, तीही भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकते. चाऱ्याला सुट्टी नसते. म्हणून हा ट्रॅक्टर नांगरासाठी नव्हे, पीटीओसाठी, म्हणजे मागे जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टसाठी घ्यायचा.

पत्रकावर ठळक छापलेला आकडा इंजिनचा असतो. गवताच्या गाठी बांधणारा बेलर, कडबाकुट्टी, मका कापून बारीक करणारं हार्वेस्टर यांना मिळते ती पीटीओ शाफ्टवर पोचलेली ताकद, आणि ती इंजिनच्या साधारण ८५ ते ९० टक्के भरते. त्यामुळे आधी अवजार ठरवा. त्याला पीटीओवर किती एचपी लागते ते वाचा, वर थोडी शिल्लक धरा आणि मग ट्रॅक्टरकडे वळा. आपल्याकडची बहुतेक अवजारं पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतात. या ५४० फेऱ्या इंजिनच्या किती आरपीएमवर मिळतात, हेही विचारून घ्या. कमी आरपीएमवर मिळत असतील तर हलक्या कामाला डिझेल वाचतं. आणि गोठ्यातली रोजची कुट्टी विजेच्या मोटारीवर होत असेल तर तिथे ट्रॅक्टर लावूच नका. तीन एचपीच्या कामाला ४५ एचपीचं इंजिन तापवण्यात दुधाचे पैसे जळतात.

दुसरी गोष्ट क्लचची, आणि माझ्या मते ती एचपीपेक्षा मोठी आहे. चौकोनी बेलर चालताना नीट पाहा. गवताची ओळ आत ओढली जाते, दट्ट्या ते ठोकून ठोकून दाबतो आणि मागून सुतळीने बांधलेली गाठ बाहेर पडते. रानात ओळ सगळीकडे सारखी नसते. मध्येच गवताचा जाड ढीग येतो. अशा वेळी चाकं थांबली पाहिजेत आणि बेलर मात्र फिरत राहिला पाहिजे, म्हणजे तोंडाशी आलेलं गवत तो गिळून मोकळा होतो. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर पाय दाबला की चाकंही थांबतात आणि पीटीओही. ढीग तोंडातच अडकतो. ड्युअल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं थांबतात, पूर्ण दाबलं तरच पीटीओ थांबतो. स्वतंत्र पीटीओ असेल तर आणखी उत्तम.

हा प्रश्न फक्त सोयीचा नाही. मशीन चोंदलं की माणूस घाईने खाली उतरतो आणि इंजिन चालू ठेवूनच अडकलेलं गवत हाताने ओढायला जातो. बोटं, मनगटं जातात ती याच क्षणी. फिरत्या शाफ्टमध्ये साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा किंवा गळ्यातला पंचा गुंडाळला गेला तर माणसाला हात वर करायलाही वेळ मिळत नाही. म्हणून मी हट्टाने सांगतो की ड्युअल क्लच घ्या, शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून फेकू नका आणि इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकल्याशिवाय मशीनला हात लावू नका.

मुरघास करणाऱ्याने वजन बघावं. कापलेल्या मक्याचा थर खड्ड्यात पसरून त्यावर ट्रॅक्टर फिरवायचा असतो. हवा जितकी बाहेर जाईल तितका मुरघास चांगला होतो, हवा राहिली तर बुरशी धरते. हलका ट्रॅक्टर वरवर फिरतो, खालचा थर पोकळच राहतो. शेण आणि चारा उचलायला पुढे लोडर बसवणार असाल तर पॉवर स्टिअरिंग आणि मजबूत पुढचा अ‍ॅक्सल हवा, शक्यतो फोर व्हील ड्राइव्ह. पण त्याआधी गोठ्याच्या फाटकाची रुंदी आणि पत्र्याची उंची टेपने मोजून घ्या. गव्हाणीसमोरच्या बोळात जो वळत नाही, तो कितीही दणकट असला तरी त्या गोठ्याच्या कामाचा नाही. चाऱ्याची ट्रॉली घेऊन उतार उतरायचा असेल तर तेलातले ब्रेक घ्या.

आता भरवशाचं बोलू. भरवसा म्हणजे बिघाडच होणार नाही, असं नाही. गवताच्या कामात भूस उडतं आणि रेडिएटरच्या जाळीवर त्याचा थर बसतो. ती जाळी बाहेर सरकवून झटकता येते का, की अर्धं बॉनेट उघडावं लागतं? एअर फिल्टर हाताला सहज लागतो का? शोरूममध्ये हे स्वतः करून पाहा. जे करायला अवघड, ते सुगीच्या धावपळीत कोणी करत नाही, आणि मग इंजिन तापतं.

जॉन डीअरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे, महिंद्राचा नागपूरला. कारखाना जवळ आहे म्हणून मिस्त्री जवळ आहे, असं मात्र होत नाही. तालुक्याच्या गावात जाऊन स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा की क्लच प्लेट, पीटीओचं ऑइल सील, हायड्रॉलिकचा पाइप आज हातात मिळेल का. त्या ब्रँडचा ट्रॅक्टर पाच वर्षं वापरणाऱ्या दोघा-तिघांना विचारा की मिस्त्री किती तासांत येतो. सकाळी बंद पडलेला ट्रॅक्टर संध्याकाळच्या धारेआधी चालू होतो, तो भरवशाचा.

याच कारणासाठी ५० एचपीची रेघ लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे त्यांत इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणा आली. इंजिनं चांगली आहेत, पण बिघाड शोधायला पान्यासोबत कंपनीचं उपकरणही लागतं. ते तुमच्या तालुक्यात असेल आणि काम तेवढं मोठं असेल तर जरूर घ्या. बहुतेक घरगुती गोठ्यांचं काम रेघेच्या खालीच भागतं.

विक्रेत्याच्या शब्दाला एक सरकारी ताळाही आहे. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या घेते. पीटीओवर प्रत्यक्ष किती ताकद मिळाली, ताशी डिझेल किती लागलं, मागची लिफ्ट किती वजन उचलते, हे सगळं तिच्या अहवालात असतं. तुम्ही पाहत असलेल्या मॉडेलचा अहवाल मागून घ्या. आकडे कळत नसतील तर गावातल्या शिकलेल्या मुलाला शेजारी बसवा.

पैशाचंही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वाचलेली रक्कम पुढच्या एचपीत घालण्याचा मोह होतो. ती ड्युअल क्लचमध्ये घाला, चांगल्या टायरमध्ये घाला. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका, पाडवा टळला तरी चालेल. जुना घ्यायचा असेल तर लिफ्टवर वजन उचलून इंजिन बंद करा आणि पाहा, वजन भराभर खाली येत असेल तर हायड्रॉलिकचा खर्च पुढे उभा आहे. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, तेही तपासा.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे गोठ्याचं रोजचं काम बहुतेक घरांत बाई करते आणि ट्रॅक्टर मात्र पुरुष ठरवतात. ज्या घरात तिने ट्रॅक्टर चालवायचा आहे, किंवा घरधनी गावाला गेल्यावर चालवावा लागणार आहे, तिथे बयाणा देण्याआधी तिला सीटवर बसवा. तिचा पाय क्लचपर्यंत पोचतो का, पेडल तिला पूर्ण दाबता येतं का, मागचा शाफ्ट तिला दिसतो का, हे तिलाच ठरवू द्या. मग ट्रॅक्टर आपल्या रानात मागवा, आपलं अवजार जोडा आणि तासभर काम करून घ्या. विक्रेता याला तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. कर्जाचे हप्ते चार-पाच वर्षं भरायचे आहेत, तेव्हा एक तासाची चाचणी मागणं हा तुमचा हक्क आहे.