बोर्ड गेलाय!

‘गेला’ या क्रियापदाला मराठीत एक वजन आहे. ‘अमके गेले’ असं कुणी म्हटलं की आपण हातातला चहाचा कप खाली ठेवतो. कसे गेले, कधी गेले, काही त्रास होता का, अशी चौकशी करतो. निदान किती वाजता नेणार आहेत एवढं तरी विचारतोच. पण दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा ‘काका, बोर्ड गेलाय’ म्हणाला, की मात्र आपली वाचा बसते. कसा गेला, कुणाच्या हातून गेला, जाताना जवळ कोण होतं, चकार शब्द नाही. मुकाट्याने खिशात हात घालायचा आणि नव्या बोर्डाचे पैसे मोजायचे! माझं भांडण आहे ते या दोन शब्दांशी.

टीव्ही लागत नाही? बोर्ड गेलाय. वॉशिंग मशीन पाणी घेत नाही? बोर्ड गेलाय. फ्रीजमध्ये दही लागण्याऐवजी दुधाची खीर व्हायला लागली? बोर्डच, दुसरं काय? अहो, पोटात दुखतं म्हणून गेलेल्या माणसाला कुठला डॉक्टर ‘तुमचं शरीर गेलंय, नवीन घ्या’ असं सांगतो का? तो निदान जीभ तरी बाहेर काढायला लावतो. बोर्ड म्हणजे एक वस्तू नव्हे, ते एक आख्खं गाव असतं. त्यात शेकडो बारीकसारीक भाग बिऱ्हाडं करून राहत असतात. एका घराची कडी मोडली म्हणून गाव उठवत नाहीत. कडी बदलतात.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या कन्येने दहावीच्या निकालानंतर, म्हणजे २००७ साली, एक हातातला व्हिडिओ गेम घेतला होता. जपानी बनावटीचा, पानाच्या डब्यासारखा उघडणारा, वर एक पडदा, खाली एक पडदा. तिचं लग्न झालं, मुलगा झाला, आणि दोन वर्षांपूर्वी त्या मुलाला, म्हणजे आमच्या नातवाला, तो माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. नवी बॅटरी घातली आणि यंत्र टुणटुणू लागलं. आईने पंधराव्या वर्षी अर्धवट सोडलेला खेळ तसाच्या तसा आत होता, आणि मुलगा तो पुढे खेळू लागला! वारसा म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं. जमीनजुमला आमच्याकडे नव्हताच.

या मे महिन्यात बिजागरी मोडली आणि वरचा पडदा काळा पडला. खालचा पडदा उत्तम, गाणं उत्तम. ‘सर्व प्रकारचे गेम रिपेअर’ अशी पाटी पाहून यंत्र दुकानात दिलं. आठ दिवसांनी आजोबा-नातू आणायला गेलो.

“काका, पडदा बसवलाय. पण चालू होत नाही. बोर्ड गेलाय.”

“अरे, आणून दिला तेव्हा गाणं वाजत होतं की!”

“तेव्हा होता हो चालू.”

“मग गेला कधी?”

“उघडल्यावर.”

“उघडला कुणी?”

“मीच.” हे त्याने इतक्या निरागसपणे सांगितलं की पुढची उलटतपासणी मला जमेना. “जुन्या मालाचं असंच असतं, काका. पडद्याचे अठराशे झाले. बोर्ड घातला तर साडेचार हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या ना!”

अठराशे मोजून आम्ही ते थंड यंत्र घेऊन बाहेर पडलो. नातवाने विचारलं, “आजोबा, मग हा आता टाकून द्यायचा?” मला पैशांपेक्षा हा प्रश्न झोंबला. वस्तू बंद पडली की टाकायची, हा धडा त्याला शाळेने दिला नव्हता, आईबापांनीही दिला नव्हता. एका दुकानाने पाच मिनिटांत दिला होता.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ते ‘गेलाय’ या शब्दावर सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत. मल्टीमीटर घेऊन चष्मा सावरत ते आले. त्यांनी जे केलं ते इथे मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यात जादू नाही, फक्त क्रम आहे.

आधी बॅटरी. या बॅटरीवर ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं. मीटरने ३.९ दाखवले. म्हणजे बॅटरी जिवंत. मग आतल्या चपट्या पट्ट्या. पडदा आणि बोर्ड यांना जोडणारी ही पट्टी खाचेत केसभर तिरकी बसली तरी यंत्र रुसतं. पण या जातीच्या यंत्रात पडद्याची पट्टी नीट बसली नसेल, तर हिरवा दिवा निदान एकदा लुकलुकून विझतो. इथे दिवा मुळी उजळतच नव्हता. म्हणजे वीजच पुढे पोचत नव्हती.

“आता फ्यूज बघू,” ते म्हणाले.

बोर्डावर तांदळाच्या कणीहून लहान असे दोन फ्यूज होते. मीटर शिट्टीवर लावून त्यांनी दोन टोकं टेकवली. पहिला ‘पीं’ म्हणाला. दुसऱ्याने मौन पाळलं. नातवाने स्वतः तीनदा टेकवून पाहिलं. मौन कायम.

“बॅटरी न काढताच पट्टी ओढली किंवा घातली असणार त्याने,” गृहस्थ म्हणाले. “नको तिथे नको ते टेकलं आणि फ्यूज उडाला. त्याचं काम त्याने केलं.”

वाचकहो, इथे जरा थांबा. फ्यूज असतो कशासाठी? बोर्ड जाऊ नये म्हणून आपण जाण्यासाठी! म्हणजे ज्याने छातीचा कोट करून बोर्ड वाचवला, त्याच्या मरणावर बोर्डाचा मृत्युदाखला लिहून आमच्याकडून साडेचार हजार मागण्यात आले होते. बाजीप्रभू पडले म्हणून कुणी विशाळगडावर महाराजांचं सुतक धरलं नव्हतं.

पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत सूक्ष्मदर्शकाखाली डाग देणारा एक कारागीर आहे. फ्यूजचे दहा रुपये, हाताचे दीडशे. ‘फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा टाकला तर फुकटात होईल का?’ असं मी अस्सल पुणेरी कुतूहलाने विचारलं. तो म्हणाला, “होईल. पण पुढच्या वेळी खरंच बोर्ड जाईल.” घरातल्या फ्यूजमध्ये जाड तार घालून निर्धास्त झोपणाऱ्या सर्वांनी हे वाक्य भिंतीवर लावावं. यंत्र चालू झालं हे सांगायला नकोच.

आता कुणी म्हणेल, पोराला कशाला झोडपता? खरं आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात तो एकटा मावतो, पण एकटा उभा राहायला नको. पहिला सहआरोपी म्हणजे कारखानदार. पूर्वी कित्येक रेडिओंचं मागचं झाकण काढलं की आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. आज नकाशा गुप्त, सुटे भाग गुप्त, आणि स्क्रूसुद्धा असे तीन पात्यांचे की घरातला पेचकस बघून हसतील. वस्तू विकत घेतली आपण आणि उघडायचा हक्क मात्र त्यांचा! मुलगी दिली पण माहेरच्या कपाटाची किल्ली ठेवून घेतली, तसला प्रकार.

यातली गंमत अशी, की हातातल्या व्हिडिओ गेमचा जनक मूळचा दुरुस्ती-देखभालवालाच! गुनपेई योकोई हे १९६५ साली निन्टेंडो कंपनीत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. रिकामा वेळ मिळाला म्हणून त्यांनी लांबून वस्तू पकडणारा एक लांबणारा हात करून पाहिला. मालकाने तो बघितला आणि नोकरीवरून काढण्याऐवजी खेळणी करायला बसवलं. १९८० साली त्यांचा ‘गेम अँड वॉच’ आला, १९८९ साली ‘गेम बॉय’. चार पेन्सिल सेलवर चालणारा, करड्या डब्यासारखा. जुनं, मुरलेलं, स्वस्त तंत्र नव्या तऱ्हेने वापरायचं, हे त्यांचं तत्त्व. आखाती युद्धात होरपळून निघालेला एक गेम बॉय न्यूयॉर्कच्या दुकानात अनेक वर्षं मांडून ठेवला होता. बाहेरचं प्लॅस्टिक पार वितळलेलं आणि आत खेळ चालू! त्याच्यावर बॉम्ब पडला, पण त्याचा ‘बोर्ड गेला’ नाही. आमचा नुसता उघडला.

दुसरे सहआरोपी म्हणजे आपण, मध्यमवर्गीय गिऱ्हाईक. वस्तूचे पैसे आपण आनंदाने देतो, भागाचे कुरकुरत देतो, आणि डोक्याचे अजिबात देत नाही. कारागिराने तासभर खपून बिघाड शोधला आणि दोनशे मागितले की आपण म्हणतो, “एक तारच तर जोडलीत! त्याचे दोनशे?” त्याने न तपासता चार हजारांचा बोर्ड घातला की म्हणतो, “काय करणार, बोर्डच गेला होता.” मग त्याने तरी शोधायला का शिकावं? बोर्ड बदलायला पेचकस पुरतो. बिघाड शोधायला अक्कल लागते, आणि अकलेला आपल्या बाजारात भाव नाही.

सरकारांना हे थोडं उशिरा का होईना, उमगलंय. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. उत्तम! पण कायदा काही आपल्याबरोबर दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहत नाही. तिथे आपणच तोंड उघडायचं असतं. तेव्हा पुढच्या वेळी ‘बोर्ड गेलाय’ ऐकू आलं की शांतपणे एवढंच म्हणा, “बाबा, त्यातला कोण गेला? मीटर लावून दाखव. शोधण्याचे पैसे वेगळे घे, पण दाखव.” आणि ते पैसे खरोखरच द्या, घासाघीस न करता.

मला एक पाटी बघायची फार इच्छा आहे : ‘तपासणीचे शंभर रुपये. बिघाड दाखवून दिला जाईल. काढलेला भाग परत मिळेल.’ अशी पाटी लावलेल्या दुकानाची पायरी मी चपला बाहेर काढून चढेन. चपला गेल्या तरी चालतील. निदान कशा गेल्या ते तरी ठाऊक असेल.