फवारणी केली असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा

१६ ऑक्टोबर हा जागतिक भूल दिन. १८४६ साली याच दिवशी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन यांनी इथर हुंगवून रुग्णाला भूल दिली आणि त्याच्या मानेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया पार पडली. खानदेशात हा दिवस येतो तो कापूस वेचणीच्या तोंडावर. चोपडा, पारोळा, शिरपूरच्या शिवारांत फवारणीचे पंप नुकतेच खाली ठेवलेले असतात. त्या पंपाचा आणि ऑपरेशन टेबलाचा संबंध आहे, आणि तो जिवावर बेतू शकतो.

भूल म्हणजे झोपेचे इंजेक्शन, अशी आपली समजूत. मोठ्या शस्त्रक्रियेत त्याच्या जोडीला स्नायू सैल करणारे औषध द्यावे लागते. पोट घट्ट राहिले तर सर्जनला काम करता येत नाही. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावत ते क्युरारे हे या औषधांचे मूळ. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेत वापरले. या औषधाने झोप येत नाही, वेदनाही थांबत नाही. थांबतात ते फक्त स्नायू, त्यात श्वासाचेही आले. तिथून पुढे रुग्णाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हातात. नाग चावला की पापण्या जड होतात, श्वास अडतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नागाचे विष स्नायूच्या ज्या जागी जाऊन बसते, तिथेच क्युरारे बसते.

श्वासनळीत तातडीने नळी घालायची असेल तर सक्सिनिलकोलिन देतात. डॉक्टरांच्या तोंडी ते ‘स्कोलिन’. त्याचा अंमल पाच-दहा मिनिटांत उतरतो, कारण रक्तातले कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कपाशीवरची औषधे नेमके तेच कोलिनएस्टरेज निकामी करतात. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य हादरले. पण आठ-आठ दिवस पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गड्याला ना उलटी होते ना चक्कर, तरी त्याच्या रक्तातली कोलिनएस्टरेजची पातळी उतरलेली असू शकते. ती भरून यायला कित्येक आठवडे लागतात. असा माणूस अपेंडिक्ससाठी टेबलावर आला आणि त्याला स्कोलिन मिळाले, तर दहा मिनिटांचा अंमल काही तास टिकतो. आधी कळले तर भूलतज्ज्ञ दुसरे औषध निवडतात. नंतर कळले तरी श्वास परतेपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवून रुग्ण सुखरूप बाहेर काढता येतो. घात होतो तो नळी घाईने काढल्यामुळे.

ही घाई इतर स्नायूशिथिलकांतही नडते. शस्त्रक्रिया संपली, रुग्णाने डोळे उघडले, मान हलवली, म्हणजे औषध उतरले असे नव्हे. ते तपासायला मनगटाजवळच्या नसेला विजेचे चार बारीक झटके देतात आणि अंगठा चार वेळा आत वळतो. चौथी हालचाल पहिलीच्या किमान ९० टक्के जोराची झाली की मगच नळी काढावी. हा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, मोजणारे यंत्रच लागते. घसा लुळा राहिला तर लाळ आणि उलटी थेट फुप्फुसात उतरते. ऑपरेशन थिएटरात लाखोंची यंत्रे असताना हे छोटे यंत्र नसणे आम्हाला अक्षम्य वाटते.

आणखी एक, खास आपल्या हवेपुरते. स्कोलिन आणि अ‍ॅट्राक्युरियम २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो आणि वीज जाते. थिएटरमधल्या फ्रिजला इन्व्हर्टर आणि तापमानाची रोजची नोंद हवीच.

धुळ्याचे भाऊसाहेब हिरे आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तालुक्यांसाठी डॉक्टर घडवतात. दाखल होतानाच्या प्रश्नांत मधुमेह आणि रक्तदाबाशेजारी ‘गेल्या दोन महिन्यांत फवारणी केली का?’ हा प्रश्न तिथे छापून घ्यावा. आणि वाचकहो, कुणी विचारले नाही तरी तुम्ही सांगा: कोणते औषध मारले, शेवटचे कधी मारले, आणि घरात कुणाला भूल दिल्यावर श्वास यायला उशीर झाला होता का.