निःस्वार्थ म्हणजे बिनपगारी

खेळाच्या कोचचा सत्कार चालू असताना भाषणात "निःस्वार्थ सेवा" आली की माझं डोकंच उठतं. आमच्या हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला, कुठेही बघा, कबड्डी-खोखोचा कोच म्हणजे शाळेतले पीटीचे सर. दिवसभर शाळा, अधूनमधून मतदार याद्या, आणि उरलेल्या वेळात मैदान. कित्येकदा रेषा आखायचा चुनासुद्धा पदरचाच.

चांगल्या खेळाडूला दहावी-बारावीत वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. हवंच ते. पण त्याला घडवणाऱ्याचं काय? पतियाळाला १९६१ पासून एनआयएस आहे. तिथून डिप्लोमा घेऊन एखादा पोरगा गावी आलाच, तर त्याने पुढे काय करायचं? क्रीडा खात्यात मार्गदर्शकांची पदं आहेत, पण तालुक्यातालुक्यात, खेळाखेळाला कोच मिळावा इतकी नाहीत. तिकडे कॅनडात स्कॉटी बोमन बर्फावरच्या हॉकीत ज्युनियर पोरांना शिकवत शिकवत वर चढला, स्वतः एनएचएलमध्ये एकही मॅच न खेळता, आणि कोच म्हणून नऊ स्टॅनले कप जिंकला. चढायला शिडी होती ना!

आपल्याकडे नाशिकच्या शैलजा जैन बघा. आयुष्य मुलींना कबड्डी शिकवण्यात गेलं, भारतीय संघाचं प्रशिक्षकपद काही मिळालं नाही. इराणने बोलावलं. बाई गेल्या, फारसी शिकल्या, आणि २४ ऑगस्ट २०१८ ला जकार्त्यात आशियाई स्पर्धेच्या फायनलमध्ये इराणच्या मुलींनी आपल्याला २७-२४ ने हरवलं. २०१० आणि २०१४ चं सुवर्ण आपलं होतं! "आपलीच बाई आपल्यावर उलटली," असं म्हणणारे मला इथेही भेटले. उलटली काय? आधी विचारलं होतंत का तिला?

आमचे एक काका म्हणतात, पैसा आला की सेवाभाव जातो. हेच काका नातवाच्या नीटसाठी नांदेडला कोचिंगची फी वेळेवर भरतात. त्यालाही कोचिंगच म्हणतात ना हो? तिथल्या सरांनी पैसे घेतले म्हणून पोराचं फिजिक्स बिघडल्याचं ऐकिवात नाही. (काका, रागावू नका.)

सत्काराचा मांडव, साउंड आणि जेवणावळ यांच्या खर्चात एका कोचचं दोन-तीन महिन्यांचं मानधन सहज निघेल, असं मी गल्लीतल्या मंडळाला सांगून बघितलं. त्यांनी मनावर घेतलं. यंदा शाल जरा भारीतली आणली.