शिशाचा पत्रा आणि राग



जादूटोणा म्हटलं की आपल्याला कवट्या, हाडं आठवतात. पण इंग्लंडमधल्या बाथ गावी रोमन काळात लोक त्यासाठी शिसं वापरत. ज्याचे पाण्याचे नळ करत, तेच साधं शिसं. पातळ पत्र्यावर टोकदार सळईनं शाप कोरायचा, पत्र्याची गुंडाळी करायची आणि सुलिस मिनर्व्हा देवीच्या गरम झऱ्यात टाकायची. असे सुमारे १३० पत्रे तिथे सापडले आहेत.

बहुतेक तक्रारी चोरीच्या. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले. चोराची बुद्धी आणि डोळे जावोत, असं त्यानं देवीकडे मागितलं.

मला त्याचं हसू येत नाही. गरिबाला एक वस्त्र गेलं तरी मोठं नुकसान असतं. पण हातमोज्यांच्या बदल्यात डोळे? हातमोजे केव्हाच नाहीसे झाले. राग मात्र शिशावर दीड हजार वर्षांहून जास्त टिकला.

आपणही परत न आलेल्या डब्याचा, लग्नाला न बोलावल्याचा राग असाच गुंडाळून ठेवतो. माझ्या मते, ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणायला पर्युषणाची वाट पाहू नये. शिसंसुद्धा चुलीच्या आचेवर वितळतं.