विश्लेषण : धरणे पाडली आणि सॅमन परतला... माशांसाठी बांधलेली ‘शिडी’ का पुरत नाही?

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या मत्स्य विभागाला १६ ऑक्टोबर २०२४ रोजी क्लॅमथ नदीच्या एका उपनदीत चिनूक जातीचा सॅमन मासा आढळला. प्रशांत महासागरापासून सुमारे ३७० किलोमीटर आत. त्या भागात १९१२ नंतर सॅमन दिसल्याची ही पहिलीच नोंद. क्लॅमथवरील चार धरणे पाडण्याचे काम त्याआधी जेमतेम काही आठवड्यांपूर्वी संपले होते. ज्या माशाच्या डझनावारी पिढ्यांनी ही वाट पाहिलेलीच नव्हती, तो वाट मोकळी होताच तिथे पोहोचला. जगातील सर्वात मोठ्या धरण-निर्मूलन प्रकल्पांपैकी एक म्हणून या प्रकल्पाकडे पाहिले जाते. त्यानिमित्ताने, धरण आणि स्थलांतरित मासा यांचे नाते का बिघडते आणि ते सुधारण्याचे सोपे वाटणारे उपाय का फसतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

(एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे हॉटेलांच्या मेन्यूवर ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळतो तो रावस. त्याचा आणि सॅमनचा काही संबंध नाही. रावस किनाऱ्यालगतचा आणि खाडीतला मासा आहे. तो डोंगर चढून जात नाही.)

मासा प्रवाहाविरुद्ध का जातो?

कोकणात मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की चढणीचे मासे येतात. रायगडमध्ये वलगणीचे मासे म्हणतात. अंड्यांनी भरलेले हे मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भातखाचरात चढतात. कारण तिथले पाणी उथळ असते आणि पिल्लांना खाणाऱ्या मोठ्या माशांचे भय कमी असते. सॅमनचे तत्त्व हेच, फक्त अंतर शेकडो किलोमीटरचे. तो जन्मतो डोंगरातल्या थंड, स्वच्छ ओढ्यातल्या वाळू-खड्यांत. बोटभर झाला की प्रवाहाबरोबर समुद्रात जातो, तिथे काही वर्षे खाऊनपिऊन मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी परत येतो. बहुतेक मासे परततात ते आपल्याच नदीत, अनेकदा आपल्याच ओढ्यात.

त्याला ओढा सापडतो कसा, याचे उत्तर विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर यांनी दिले. डोंगरात फिरताना एका धबधब्याजवळच्या वनस्पतींचा वास आला आणि त्यांना विसरलेले बालपण आठवले. माशांचेही असेच होत असेल का, असा प्रश्न त्यांना पडला. १९५०च्या दशकात त्यांनी काही सॅमनच्या नाकपुड्या बंद करून त्यांना नदीत सोडले. ते मासे योग्य फाट्याला वळण्यात चुकले. ओढ्याची माती, झाडेझुडपे, खडक यांचा मिळून पाण्याला जो वास येतो, तो पिल्लाच्या स्मृतीत ठसतो. समुद्रात दूरवर दिशा कळण्यासाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतला जातो, असेही संशोधन सांगते.

गोड्या पाण्यात शिरल्यावर हा मासा खाणे थांबवतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर त्याला संपूर्ण चढण पार करायची असते. प्रशांत महासागरातील चिनूक, सॉकाय, कोहो या जाती अंडी घातल्यावर मरतात. म्हणजे दुसरी संधी नाही. वाटेत वाया गेलेला प्रत्येक दिवस या मोजक्या शिदोरीतून वजा होतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाची आहे.

धबधबा ओलांडणाऱ्याला धरणाचे काय?

धबधब्याखाली खोल डोह असेल, तर सॅमन त्यातून वेग घेऊन उसळतो. अनुकूल परिस्थितीत अटलांटिक सॅमन साडेतीन मीटरच्या आसपास उडी मारतो. डोह उथळ असेल, तर त्याच माशाला दोन मीटरही जड जातात. नैसर्गिक धबधब्याला बहुधा पायऱ्या असतात, कडेला खाचा असतात, पाणी वाढले-उतरले की नवी वाट उघडते. धरणाची भिंत मात्र उभी, गुळगुळीत आणि बारमाही. कोलंबिया नदीवरील ग्रँड कूली धरणाची उंची १६८ मीटर. तिथे उडीचा प्रश्नच येत नाही.

निसर्गही कधीकधी भिंत उभी करतो. कॅनडातील फ्रेझर नदीच्या अरुंद घळीत, हेल्स गेट येथे, १९१४ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामामुळे दरड कोसळली आणि सॉकाय सॅमनचा मोठा मार्ग अडला. उपाय म्हणून काँक्रीटच्या मत्स्यमार्गिका झाल्या त्या १९४०च्या दशकात. त्याच नदीवर बिग बार येथे पुन्हा दरड कोसळल्याचे २०१९ मध्ये लक्षात आले, तेव्हा हेलिकॉप्टरने मासे उचलून नेण्यापासून दाबाच्या हवेने नळीतून मासे वर सरकवण्यापर्यंत सर्व उपाय करावे लागले.

मग ‘शिडी’ लावली की झाले?

कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरण १९३८ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्याला माशांची शिडी आहे. ही शिडी म्हणजे काँक्रीटच्या टाक्यांची जिन्यासारखी चढती रांग. प्रत्येक टाकी खालच्या टाकीपेक्षा थोडी उंच. मासा एकेक टाकी पार करत वर जातो. तिथे काचेच्या खिडकीतून माशांची मोजदाद होते, पर्यटकही गर्दी करतात. चित्र छान दिसते. चढणाऱ्या प्रौढ सॅमनपुरती ही शिडी बऱ्यापैकी कामही करते. तरी दारे आणि जनित्रांतून धो-धो पडणाऱ्या पाण्याच्या गोंगाटात शिडीचे तोंड शोधण्यातच अनेक माशांचा वेळ जातो.

खरी अडचण उतरणीची आहे. आणि ती खिडकीतून दिसत नाही.

समुद्राकडे निघालेले पिल्लू फारसे पोहत नाही. ते प्रवाहावर विसंबून वाहत जाते. धरणामागे नदीचा तलाव झाला की प्रवाहच थांबतो. काही दिवसांचा प्रवास काही आठवड्यांवर जातो. साचलेले पाणी उन्हाने तापते आणि अशा पाण्यात पिल्ले खाणारे मासे फोफावतात. त्यातून भिंतीपर्यंत पोहोचलेल्या पिल्लाला जनित्राची पाती चुकवावी लागतात किंवा सांडव्यावरून खाली पडावे लागते. उंचावरून कोसळणाऱ्या पाण्यात हवा मोठ्या प्रमाणावर विरघळते आणि माशांच्या रक्तात बुडबुडे होतात. खोलवरून झपाट्याने वर येणाऱ्या पाणबुड्याला होतो तसाच हा त्रास.

आता साधे गणित करू. समजा, एका धरणातून १०० पैकी ९५ पिल्ले सुखरूप पार होतात. आकडा उत्तम वाटतो. पण अशी आठ धरणे ओळीने असतील तर शेवटी उरतात साधारण ६६. आयडाहोतील रेडफिश सरोवर समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर लांब आणि जवळपास २,००० मीटर उंचीवर आहे. मध्ये बरोबर आठ धरणे आहेत आणि आठांनाही शिड्या आहेत. तरीही १९९२ मध्ये त्या सरोवरापर्यंत एकच सॉकाय सॅमन पोहोचला. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘लोन्सम लॅरी’, म्हणजे एकटा लॅरी. आजही त्या खोऱ्यात पिल्लांना बार्जमध्ये आणि ट्रकमध्ये भरून धरणांच्या खाली नेऊन सोडले जाते. ज्या नदीत मासे ट्रकने प्रवास करतात, तिथे शिडी यशस्वी झाली असे म्हणणे अवघड आहे.

तापमानाचा मुद्दा वेगळा. २०१५च्या उष्ण उन्हाळ्यात कोलंबिया खोऱ्यात अडीच लाखांहून अधिक प्रौढ सॉकाय गरम पाण्याने मेले. शिडी तिथे होतीच.

क्लॅमथची धरणे पाडायचे कोणी ठरवले?

भावनेने कोणी धरण पाडत नाही. इथेही अखेरीस हिशेबाने पाडले. पण तो हिशेब मांडायला भाग पाडणारी माणसे वेगळी होती.

कॉप्को-१ (१९१८), कॉप्को-२ (१९२५), जे. सी. बॉयल (१९५८) आणि आयर्न गेट (१९६२) ही चारही धरणे केवळ विजेसाठी होती. त्यांतून शेतीला किंवा शहरांना पाणी जात नव्हते. दुसरीकडे युरोक, करूक, हूपा आणि क्लॅमथ या आदिवासी समुदायांसाठी सॅमन हे रोजचे अन्न होते, धार्मिक विधींचा भाग होता आणि अमेरिकी सरकारशी असलेल्या हक्कांचा विषय होता. २००१ च्या दुष्काळात केंद्र सरकारने माशांसाठी वरच्या भागातील शेतीचे पाणी तोडले. शेतकरी रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी शेतीला पाणी सोडले गेले आणि सप्टेंबर २००२ मध्ये नदीच्या खालच्या टप्प्यात, कमी झालेल्या कोमट पाण्यात रोगाची साथ पसरली. सरकारी अंदाजानुसार किमान ३४ हजार मासे मेले. काठावर कुजणाऱ्या सॅमनची ती दृश्ये पाहिलेली युरोक आणि करूक मुले पुढे या चळवळीत मोठी झाली. आंदोलक थेट ओमाहाला, वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या भागधारक सभेपर्यंत गेले. कारण धरणांची मालक पॅसिफिकॉर्प ही कंपनी बर्कशायर समूहातली.

पण निर्णायक ठरला तो परवान्याचा नियम. अमेरिकेत खासगी जलविद्युत प्रकल्पाला ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो. क्लॅमथ प्रकल्पाचा ५० वर्षांचा परवाना २००६ मध्ये संपला. नूतनीकरण हवे असेल तर मत्स्यमार्गिका बांधा, असे सरकारी मत्स्य संस्थांनी बजावले. कंपनीने बेरीज-वजाबाकी केली. चारही धरणांची मिळून क्षमता सुमारे १६३ मेगावॉट, म्हणजे कंपनीच्या एकूण विजेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. त्यासाठी शिड्या बांधण्यापेक्षा धरणे सोडून देणे स्वस्त होते. तरीही करार, फेरकरार, खटले यांत वर्षे गेली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संघीय ऊर्जा नियामक आयोगाने अंतिम परवानगी दिली. सुमारे ४५ कोटी डॉलरच्या निधीपैकी २० कोटी वीजग्राहकांकडून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या कर्जरोख्यांतून आले.

विरोध नव्हता असे नाही. तलावाकाठी घरे घेतलेल्यांचा किनारा रातोरात चिखलात बदलणार होता. वणवा विझवायला हेलिकॉप्टर पाणी कुठून उचलणार, विहिरींचे काय होणार, हे त्यांचे प्रश्न रास्त होते आणि प्रकल्पाला त्यांची उत्तरे शोधावी लागली. पर्यावरणाच्या बातम्यांत ही माणसे बहुतेक वेळा गाळली जातात.

पाडल्यावर सगळे सुरळीत झाले?

नाही. जानेवारी २०२४ मध्ये जलाशय रिकामे करताना अनेक दशकांचा गाळ नदीत आला. पाणी गढूळ झाले आणि खालच्या भागातील बरेच मासे मेले. त्याच फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या मत्स्य विभागाने नव्या संवर्धन केंद्रातून सोडलेली सुमारे ८ लाख ३० हजार चिनूक पिल्ले दगावली. कारण आधी सांगितलेले तेच, रक्तातले बुडबुडे. ती पिल्ले अजून उभ्या असलेल्या आयर्न गेट धरणाच्या बोगद्यातून गेली होती. धरणाने जाताजाता घेतलेला हा शेवटचा बळी म्हणावा लागेल. चूक मात्र नियोजनाची होती आणि विभागाने ती जाहीरपणे सांगितली.

वरच्या बाजूला कीनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणे अजून आहेत. त्यांना शिड्या आहेत. अप्पर क्लॅमथ सरोवरात उन्हाळ्यात शेवाळ माजते, शेतीच्या पाण्याचा वादही मिटलेला नाही. सुमारे ६४० किलोमीटरचा अधिवास माशांसाठी खुला झाला, इतके मात्र नक्की. जुलै २०२५ मध्ये आदिवासी तरुणांच्या गटाने कयाकमधून उगमाकडून समुद्रापर्यंतचा प्रवास पूर्ण केला.

स्नेक नदीवरील चार धरणांबाबत चित्र उलटे आहे. बायडेन प्रशासनाने २०२३ मध्ये आदिवासी आणि राज्यांशी केलेल्या करारातून ट्रम्प प्रशासन जून २०२५ मध्ये बाहेर पडले. ती धरणे वीज देतात आणि त्यांच्यामुळेच गव्हाची बार्ज-वाहतूक होते. क्लॅमथचे गणित तिथे जसेच्या तसे लागू होत नाही.

आपल्याकडे काय?

आपला सॅमन म्हणजे हिलसा, कोकणात ज्याला पाला म्हणतात. तो समुद्रातून गंगेत शिरून पूर्वी प्रयागराजच्याही पुढे जात असे. १९७५ मध्ये फरक्का बराज सुरू झाले आणि बिहार-उत्तर प्रदेशातल्या मच्छीमारांच्या जाळ्यातून तो जवळपास नाहीसा झाला. बराजमध्ये माशांसाठी मार्ग ठेवले होते. पण त्यांचा उपयोग नाममात्र ठरला. सॅमनसाठी आखलेला जिना हिलशाला चालेलच असे नाही, कारण हिलसा उड्या मारत नाही. अमेरिकेतही सॅमनच्या शिडीच्या काटकोनी कोपऱ्यांवर लॅम्प्रे या चिकटून चढणाऱ्या प्राण्याची पकड सुटते, हे फार उशिरा लक्षात आले. कोणत्या माशासाठी बांधायचे, हे बांधण्याआधी विचारावे लागते.

आपल्याकडे धरणाचा परवाना संपत नाही, त्यामुळे ५० वर्षांनी कोणी हिशेब मागत नाही. २०२१चा धरण सुरक्षा कायदा भिंत शाबूत आहे का ते पाहतो. भिंतीपलीकडच्या माशाशी त्याला देणेघेणे नाही. गंमत म्हणजे महाराष्ट्रातल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत एक सोय नकळत आहे. पुराचे पाणी जावे म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे काढले जातात, आणि चढणीच्या माशांचा हंगाम नेमका तोच. बरगे वेळेत निघाले नाहीत, की पुराबरोबर माशाचाही रस्ता अडतो. तक्रार फक्त पुराची होते.

फरक्क्याला सध्या बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचे लोक बराजच्या खाली हिलसा पकडतात, काहींना खुणेचे टॅग लावतात आणि भिंतीच्या वरच्या बाजूला नेऊन सोडतात.