स्टाफरूममधला सासुरवास

गेल्या भाऊबीजेला मी धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, फराळाची ताटे आली. पण कॉलेजात प्राध्यापिका असलेली माझी भाची, एरवी शेवटच्या चकलीवरून माझ्याशी भांडणारी, त्या दिवशी गप्प बसून होती. "सुट्टी संपत आली की हिचं असंच होतं," बहीण हळूच म्हणाली.

जेवणानंतर मी भाचीला गच्चीवर नेऊन विचारले.

"सांगण्यासारखं काही नाही हो मामा. बैठकीची सूचना मला तेवढी मिळत नाही. सकाळचा पहिला तास माझा आणि संध्याकाळचा शेवटचाही माझाच. मी बोलू लागले की विभागप्रमुख घड्याळाकडे पाहतात आणि बाकीचे हसतात. यात तक्रार ती कशाची करायची?"

वाचकहो, आपल्या आज्यांचा सासुरवास असाच नव्हता का? भाजीत मीठ जास्त पडल्याचा टोमणा एकदा मारला तर ती थट्टा. रोज मारला तर तो जाच. शिकलेल्या माणसांचा जाच तर फारच सभ्य असतो. तो आवाज चढवीत नाही. वेळापत्रकातून आणि अहवालातून चालतो.

हाइन्झ लायमन या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात स्वीडनमध्ये याचा अभ्यास केला. एकाच माणसाच्या मागे लागणे आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चालले, तर ते भांडण नव्हे, छळ, अशी खूण त्याने सांगितली. 1993 मध्ये स्वीडनने त्याविरुद्ध नियमही केले. पुढे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या केनेथ वेस्टह्यूज यांनी तर प्राध्यापकांच्याच छळाचा अभ्यास केला.

आपल्याकडे छळ लैंगिक स्वरूपाचा असेल, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला अंतर्गत समितीकडे, सामान्यतः तीन महिन्यांच्या आत, लेखी तक्रार करता येते. इतर गाऱ्हाण्यांसाठी महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात तक्रार निवारण समितीची सोय आहे. पण समितीपुढे नुसते रडून भागत नाही. म्हणून मी भाचीला एक वही दिली. तारीख, वेळ, काय घडले, समोर कोण होते, एवढेच लिहायचे. तोंडी हुकूम मिळाला, की त्याच दिवशी तो लेखी मागायचा.

एवढे शहाणपण सांगून घरी आलो आणि रात्री झोप लागेना. तीस वर्षांपूर्वी मीही प्राध्यापक होतो. आमच्या विभागातल्या एका सज्जन सहकाऱ्यांची अशीच थट्टा चाले. मी स्वतः कधी काही बोललो नाही; पण हसलो मात्र होतो. एके दिवशी त्यांनी राजीनामा दिला, आणि निरोपाच्या दिवशी हार घालण्याचे काम माझ्याकडे आले!

जाच करणारा बहुधा एकच असतो. त्याचे हात बळकट करतात ते हसणारे.

परवा भाचीचा फोन आला. बैठकीत एका ज्येष्ठ बाईंनी सरळ विचारले म्हणे, "हिला सूचना का गेली नाही?" क्षणभर सगळे गप्प. पुढच्या बैठकीची सूचना मात्र तिला वेळेवर मिळाली. सगळे मिटले असे नाही. पण ती आता एकटी नाही.

आमच्या त्या सहकाऱ्यांना यंदा मी पत्र लिहिले आहे. दिवाळीच्या शुभेच्छा शेवटी आहेत. आधी क्षमा मागितली आहे.