मागणी नाही म्हणे!

भाचा सुट्टीला आलाय. अकरावीत आहे. दिवसभर मोबाईलवर जुन्या गेमबॉयचे खेळ खेळत बसतो. परवा ओरडायला गेलो तर त्यानेच मला अडवलं. "मामा, हा खेळ इंग्रजीत आहे ना, पण कंपनीने इंग्रजीत काढलाच नाही म्हणतात. मग हा इंग्रजी केला कुणी?"

पत्रकाराला असला प्रश्न विचारू नये. माझ्या दोन रात्री त्यातच गेल्या. जे सापडलं ते वाचून डोकं फिरलं, म्हणून ही लांबलचक पोस्ट. "साहेब, पाण्याचं सोडून गेमवर काय लिहिताय" असं काही मित्र म्हणणारच. म्हणा, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या पिढीला गेम म्हणजे जत्रेतला विटा पाडायचा ब्रिक गेम, नाहीतर टीव्हीला लावायचा कॅसेटवाला. गेमबॉय आमच्या तालुक्यातल्या दुकानात मी तरी कधी बघितला नाही. त्यामुळे ही गोष्ट आपली नाही, जपान-अमेरिकेची आहे. पण तिच्यातला युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे.

खेळाचं नाव 'मदर ३'. लिहिला शिगेसातो इतोई यांनी. हे जपानातले नावाजलेले जाहिरात-लेखक. निन्टेंडोच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रासाठी २० एप्रिल २००६ ला तो जपानात आला. मी हे लिहितोय तोवर जपानबाहेर अधिकृतपणे आलेला नाही. एवढ्या वर्षांत खेळणारी पोरं बाप झाली.

आता खेळात काय आहे ते ऐका. ताझमिली नावाचं एक गाव. तिथे पैसा नावाची वस्तूच नाही, जो तो एकमेकांच्या मदतीने जगतो. मग डुकराचे मुखवटे घातलेली बाहेरची माणसं येतात. मागोमाग पैसा येतो, रेल्वे येते, कारखाना येतो. घराघरात 'हॅपी बॉक्स' नावाचा एक चमकणारा डबा येतो आणि लोक त्याच्यापुढे बसून राहतात. जो डबा घेत नाही त्याच्या घरावर वीज पडते. म्हाताऱ्यांची रवानगी मोडकळीला आलेल्या वृद्धाश्रमात होते. आणि या सगळ्याच्या मध्ये लुकास नावाचा एक मुलगा, ज्याची आई सुरुवातीलाच गेलेली.

म्हणजे बाजाराने एक गाव कसं गिळलं याची ही गोष्ट. आणि ती जगापर्यंत का पोचली नाही? तर बाजाराचं गणित बसलं नाही म्हणून. यापेक्षा मोठा विनोद मला सुचणार नाही.

कंपनीची बाजू आधी मांडतो, एकतर्फी बातमी मी छापत नाही. तेव्हा हे खेळ कॅसेटमध्ये यायचे. कॅसेट आगाऊ बनवून घ्याव्या लागायच्या, माल पडून राहिला की तोटा. 'मदर ३' म्हणजे मजकुराचा डोंगर, भाषांतराला महिनोन् महिने लागणार. त्यात निन्टेंडोचं पुढचं यंत्र, डीएस, २००४ च्या अखेरीसच बाजारात आलेलं. जुन्या यंत्रासाठी नवा खर्च कोण करणार? याच मालिकेचा आधीचा भाग १९९५ मध्ये अमेरिकेत 'अर्थबाउंड' नावाने आला आणि फारसा चालला नाही. निन्टेंडो ऑफ अमेरिकाचे माजी अध्यक्ष रेजी फिस-एमे यांनीही नंतर सांगितलं, अडचण आशयाची नव्हती, कारण धंद्याचं होतं.

ठीक. धंदा आहे, तोट्यात करा असं कोण म्हणतंय? पण हे 'अपयश' आलं कसं तेही बघा. १९९५ च्या जाहिरातींत कंपनीने स्वतःच सांगितलं की या खेळाला घाण वास येतो, आणि खरोखर खरवडून हुंगायचे वासाचे कागद दिले! युरोपात तर तो तेव्हा विक्रीलाच ठेवला नाही. तिथल्या लोकांना अधिकृतपणे मिळाला २०१३ मध्ये. त्याच्याही आधीचा पहिला भाग १९९० च्या सुमारास इंग्रजीत पूर्ण तयार होता. भाषांतर झालेलं, पैसा खर्च झालेला, तरी कपाटात ठेवला. बाहेर काढला २०१५ मध्ये. पंचवीस वर्षांनी!

आधी दुकानात माल ठेवायचा नाही, ठेवला तर बदनाम करून ठेवायचा, आणि नंतर गिऱ्हाईक नाही म्हणून हात वर करायचे. आमच्याकडची मुक्कामी गाडी अशीच गेली. वेळ बदलली, मग अधूनमधून रद्द केली, लोक वडापने जायला लागले, आणि मग कागदावर आलं, 'भारमान नाही'. भारमान कुणी घालवलं ते त्या कागदावर नव्हतं.

मागणी नव्हती हे खरं असेल तर पुढच्या गोष्टीचं उत्तर द्या. २००८ मध्ये निन्टेंडोने 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' हा मारामारीचा खेळ जगभर विकला. त्यात लुकास आहे. हाच लुकास, 'मदर ३' मधला. म्हणजे पोराचा चेहरा विकायला जग बाजारपेठ आहे, पोराची गोष्ट सांगायला नाही.

हे एकदाच झालं असंही नाही. 'फायर एम्ब्लेम' मालिकेतला रॉय २००१ च्या स्मॅश ब्रदर्समधून जगभर पोचला. तो आणि त्याचा जोडीदार मार्थ लोकांना आवडले, त्यामुळे २००३ मध्ये ही मालिका पहिल्यांदा जपानबाहेर आली. पण रॉय ज्याचा नायक आहे तो २००२ चा गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा खेळ? तो इंग्रजीत आलाच नाही. 'रिदम तेंगोकू' तसाच, २००६ चा, फक्त जपानात.

आणि गंमत म्हणजे या यंत्राला देशाचं कुलूप नव्हतं. जपानची कॅसेट अमेरिकेच्या गेमबॉयमध्ये बिनबोभाट चालायची. कुलूप होतं भाषेचं. ते उघडायला लोकांनी हजारो सह्यांची निवेदनं दिली. निवेदनांचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

शेवटी लोकांनीच हाताने कुलूप उघडलं. क्लाइड मँडेलिन हे व्यवसायाने भाषांतरकार. त्यांनी आणि सोबत्यांनी नोकऱ्या सांभाळून सगळा मजकूर इंग्रजीत आणला. नुसते शब्द बदलून भागत नव्हतं. जपानी अक्षरांसाठी आखलेल्या चौकटीत इंग्रजी वाक्य मावत नाही, त्यासाठी खेळाच्या आतली यंत्रणाच दुरुस्त करावी लागली. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांनी भाषांतर फुकट दिलं. खेळ वाटला नाही, फक्त बदलांची फाइल दिली. मँडेलिन यांनी पुढे असंही जाहीर केलं, की कंपनी खेळ काढणार असेल तर माझं भाषांतर फुकट घ्या. भाषांतराचा खर्च हे कारण त्या दिवशी संपलं. खेळ तरीही आला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निन्टेंडोने 'मदर ३' आपल्या वर्गणीवाल्या ऑनलाइन सेवेत टाकला. आता कॅसेट नाही, गोदाम नाही, पडून राहणारा माल नाही. त्या सेवेचे वर्गणीदार जगभर आहेत. पण खेळ मिळाला फक्त जपानातल्यांना.

आता मुद्द्याचं. "म्हणजे चोरी बरोबर म्हणता का?" नाही. माझी बातमी कुणी नाव न लावता उचलली की माझंही डोकं सटकतं. जे दुकानात आहे ते विकत घ्या, भाच्यालाही हेच सांगितलं. पण जे विकायलाच ठेवत नाही, ठेवणारही म्हणत नाही, आणि दुसऱ्या कुणालाही ठेवू देत नाही, तिथे हक्क कशाचं रक्षण करतोय? गल्ल्याचं नाही, कारण गल्ला उघडलेलाच नाही.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा याबाबत शहाणा आहे. कलम ३२ बघा. साहित्यकृती किंवा नाटक प्रसिद्ध होऊन सात वर्षं उलटली आणि हक्कदाराने एखाद्या भाषेत भाषांतर काढलंच नाही, तर ते काढण्याच्या परवान्यासाठी कुणीही अर्ज करू शकतो. अटी आहेत, मूळ मालकाला मानधन द्यावं लागतं. पण तत्त्व सरळ आहे. हक्क तुझा, पण त्यावर नुसतं बसून राहता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की जगभर हे तत्त्व खेळांनाही लावा. सात वर्षांत काढा, नाहीतर मानधन घेऊन दुसऱ्याला काढू द्या.

"खेळच तर आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दुरून वापरायला द्यावेत म्हणून तिथे सवलत मागितली गेली. २०२४ मध्ये ती नाकारली. म्हणजे विकणार नाही, आणि ग्रंथालयालाही देऊ देणार नाही.

सिनेमा असाच गेला. आपल्या मूकपटांच्या जमान्यातलं किती उरलंय? 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा अख्खा मिळत नाही. तेव्हा जपायची साधनं नव्हती. आज साधनं आहेत, लोक फुकट राबायला तयार आहेत.

भाच्याला मी उत्तर दिलं, "ज्यांना तो आवडला त्यांनी केला." तो म्हणाला, "मग कंपनीने काय केलं?"

त्याचं उत्तर कुणाकडे असेल तर खाली लिहा. फक्त 'मागणी नाही' एवढं सोडून.